जगात जर्मनी, भारतात परभणी आणि मधी बर्फ

आमचा भाचा म्युनिकजवळ नोकरीला आहे. परभणीचं पोरगं जर्मनीला गेलं की "जगात जर्मनी, भारतात परभणी" हा डायलॉग त्याला जन्मभर ऐकावा लागतो, त्याला त्याचा कंटाळा आलाय, आम्हाला अजून नाही. तर 2023 च्या डिसेंबरच्या सुरुवातीला तिकडे एवढा बर्फ पडला की म्युनिकचं विमानतळच बंद ठेवावं लागलं, आणि त्याच दिवसात एका सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. आपल्याकडे अकरा वाजलेले, तिकडे साडेसहा, अजून अंधारच. माझी आई म्हणजे त्याची आज्जी ओट्यावर उन्हात लसूण सोलत बसलेली. तिने फोन हातात घेतला आणि बघतच राहिली. रस्त्यावरच्या लाईटच्या उजेडात गाड्या, झाडं, कुंपण सगळं पांढरंशुभ्र. "आगं बया, कापूस पिंजून टाकल्यावानी दिसायलंय की रे!"

तिकडून पोरगं म्हणतंय, "आज्जी, तुला कापूस दिसायलाय, मला फावडं दिसायलंय."

आणि खरंच त्याच्या हातात फावडं होतं. जर्मनीत बहुतेक गावांत असा नियम आहे की घरासमोरच्या फूटपाथवरचा बर्फ घरमालकाने काढायचा, आणि मालक लोक भाडेकरारात ते काम भाडेकरूंच्या गळ्यात घालतात. कामाच्या दिवशी साधारण सकाळी सातच्या आत रस्ता मोकळा पाहिजे आणि रात्री आठपर्यंत तसाच ठेवायचा, पुन्हा पडला तर पुन्हा काढा. कुणी घसरून पडलं आणि हाड मोडलं तर भरपाईचं झेंगट मागे लागू शकतं. म्हणून बिल्डिंगमधे पाळ्या लावलेल्या असतात, या आठवड्यात हा फ्लॅट, पुढच्या आठवड्यात तो. मीठ टाकून वितळवून टाकू म्हणाल तर बऱ्याच शहरांत घरगुती वापराला मीठ चालत नाही कारण झाडांची मुळं खराब होतात, मग बारीक खडी नाहीतर वाळू पसरायची. म्हणजे आपण इकडे "वॉव स्नोफॉल" म्हणतो तेव्हा तिकडे एक माणूस पहाटे उठून खडी टाकत असतो.

एकच बर्फ, एकाच स्क्रीनवर, आणि दोघांना दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसलाय. बर्फ कुणाला आवडतो आणि कुणाला नाही हे आपण स्वभावावर ढकलतो, म्हणजे अमका रसिक आहे, तमका रडका आहे. पण थोडं वाचलं, थोडं लोकांना विचारलं, तर स्वभावाचा भाग फार थोडा निघतो. अंगावर काय घातलंय, खिशात काय आहे, परत कधी जायचं हे कुणाच्या हातात आहे, आणि सगळ्यात मोठं म्हणजे बर्फ पडून गेल्यावर तो काढायचं काम कुणाच्या नावावर आहे, यावरच बरंच काही ठरतं.

आता हे आपल्याला का कळत नाही, तर आपल्याकडे बर्फ पडतच नाही. परभणी समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास, हिवाळ्यात हवा कोरडी, आभाळ मोकळं. रात्री जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते म्हणून पहाटे पारा धाडकन खाली येतो, कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत कधीकधी पाच-सहा डिग्रीच्या खाली नोंद होते आणि पेपरात "परभणी गारठली" अशी बातमी येते. पण ही थंडी जमिनीलगतची, वर ढगच नाहीत तर पडणार काय? त्यामुळे आपल्या भाषेतही बघा ना, मच्छी मार्केटमधली लादी तो बर्फ, उन्हाळ्यातला गोळा तो बर्फ, फ्रीजमधे साचतो तो बर्फ आणि आभाळातून पिसासारखा पडतो तोही बर्फच. एका शब्दात सगळं. हिम हा शब्द पुस्तकातला, तो बोलण्यात कुणी वापरत नाही.

आपल्याकडे आभाळातून पांढरं पडतं ते एकच, गारा. आणि तिथे हा सगळा प्रकार मी डोळ्याने बघितलाय.

2014 च्या फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात, विदर्भात, उत्तर महाराष्ट्रात जी गारपीट झाली ती आठवत नसेल असा शेतकरी सापडणार नाही. काढणीला आलेली ज्वारी, गहू, हरभरा, द्राक्षाचे बाग, मोसंबी, आंब्याचा मोहोर, सगळं झोडपून काढलं. काही गावांत गारांचा एवढा थर साचला की वावरं पांढरी झाली. आणि त्याच वेळी मोबाईलवर फोटो फिरत होते, खाली लिहिलेलं "मराठवाड्यात मिनी काश्मीर". लोक गारा हातात घेऊन हसत फोटो काढत होते, मीही बघून "भारी" म्हणालो होतो, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी जिंतूर रोडला एका ओळखीच्या माणसाच्या शेतात गेलो तर तो बांधावर बसलेला आणि ज्वारी अशी आडवी की कणसं चिखलात. तो एकच म्हणाला, "आता याला जनावर बी तोंड लावणार नाही." पांढरा रंग तोच होता, फक्त तो ज्याच्या वावरावर पडला त्याला त्याचा हिशोब माहीत होता.

फोटो काढणारे काही वाईट लोक नव्हते. त्यांचं नुकसान नव्हतं एवढंच.

आता बर्फाकडे येऊ. ताजा बर्फ कापसासारखा हलका दिसतो कारण त्यात बहुतेक हवाच असते, साधारण नव्वद टक्क्यांपर्यंत. सहा टोकांचे बारीक स्फटिक एकमेकांवर अडकून पडतात आणि मधल्या पोकळ्यांत हवा राहते. या पोकळ्या आवाजसुद्धा गिळतात, म्हणून बर्फ पडल्यावर सगळं एकदम शांत शांत वाटतं, भाचा म्हणतो ती शांतता मात्र खरंच काहीतरी वेगळी असते. पण हलका दिसतो म्हणून फसू नका. ताज्या बर्फाचं वजन एका घनमीटरला पन्नास ते शंभर किलो धरतात, ओला असेल तर दोनशे-तीनशेच्या वर जातं. समजा फूटपाथ 15 मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि त्यावर वीतभर म्हणजे 20 सेंटिमीटर बर्फ. तो झाला साडेचार घनमीटर, शंभरच्या हिशोबाने साडेचार क्विंटल. आपल्या भाषेत सोयाबीनची सात-आठ पोती, तीही उपाशी पोटी, अंधारात, फावड्याने उचलून बाजूला टाकायची. ओला असेल तर दुप्पट-तिप्पट.

पंचविशीतल्या पोराला हा व्यायाम आहे. साठीच्या माणसाला तोच धोका आहे, कारण थंडीने रक्तवाहिन्या आक्रसतात, बीपी वाढतं, आणि वर एकदम जोराचं काम लागलं की हृदयावर दोन्हीकडून ताण येतो. हृदयाचा त्रास असलेल्यांनी बर्फ उपसू नये असं डॉक्टर लोक दरवर्षी सांगतात. मग ज्याचं वय झालंय आणि जो एकटा राहतो त्याने काय करायचं? पैसे देऊन माणूस लावायचा, किंवा दार लावून बसायचं. पांढऱ्या रस्त्याकडे बघून त्याला कापूस आठवायचं कारणच नाही.

शरीराचा हिशोब जरा नीट समजून घेऊ, कारण मनालीत आमच्या ग्रुपचं जे झालं ते याच्यामुळेच झालं.

आम्ही परभणीहून सचखंड एक्सप्रेसने दिल्ली आणि पुढे बसने मनाली, चौदा जण. तिथून जवळच्या सोलंगला पोचलो, रस्त्यावरच्या दुकानांतून भाड्याचे ते लाल-निळे जाड सूट आणि गमबूट घेतले. सगळ्यांनी नाही घेतले, हा मुद्दा महत्त्वाचा. एका वहिनींनी "एवढ्या लोकांनी घातलेलं मी नाही घालणार" म्हणत साधा स्वेटर, कॉटनचा ड्रेस आणि कॉटनचे मोजे यावरच भागवलं. पहिली दहा मिनिटं त्या सगळ्यात जास्त खुश होत्या, बर्फात बसून फोटो वगैरे. अर्ध्या तासाने रडायला लागल्या, खरंच डोळ्यात पाणी. आणि त्यांच्याच शेजारी त्यांचं आठ वर्षांचं पोरगं सूट घालून उताराने घसरत होतं, त्याला खेचून गाडीत बसवावं लागलं.

काय झालं ते असं. आपल्याला ऊब देतो तो कपडा नव्हे, कपड्यात अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. बर्फावर बसलं की अंगाच्या उबेने तो वितळतो. 1 ग्रॅम बर्फ नुसता वितळवायला 80 कॅलरी उष्णता लागते, म्हणजे तेवढ्यात 1 ग्रॅम पाणी शून्यावरून 80 डिग्रीपर्यंत तापलं असतं, आणि ही सगळी उष्णता तुमच्या मांडीतून जाते. मग ते पाणी कपड्यात मुरतं, हवा बाहेर निघते, आणि पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने ऊब ओढून नेतं. कॉटन तर पाणी पिऊनच बसतं, लोकर ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते. धनगराचं घोंगडं पावसात का चालतं त्याचं हेच कारण, आपल्या लोकांना हे शाळेत न जाता माहीत होतं. तर वहिनींना बर्फ आवडला नाही असं घरी आल्यावर सगळे म्हणाले. माझं म्हणणं, त्यांना ओले मोजे आवडले नाहीत.

आमच्यातले एक रिटायर्ड गुरुजी, त्यांना शुगर. ते मस्त फिरत होते, "मला काही थंडी वाजत नाही" म्हणत. ही खरी काळजीची गोष्ट. बऱ्याच वर्षांच्या शुगरने पायाच्या नसा बधिर झालेल्या असतात, पाय गार पडलाय हे मेंदूला कळतच नाही, आणि कातडी गोठायला लागली तरी माणूस हसत फोटो काढत असतो. नशीब बूट चांगले होते. आणि एका काकांचं डोकं ठणकत होतं, त्यांनी बर्फाला शिव्या घातल्या, पण ते उंचीमुळे. मनालीच्या वरची रोहतांग खिंड 3978 मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास, सोलंग त्यापेक्षा बरंच खाली असलं तरी आम्ही एका दिवसात सपाटीवरून वर चढलेलो. डोकेदुखी उंचीची आणि नाव बर्फाचं. म्हणजे चौदा माणसं, एकच उतार, एकच दुपार, आणि परत आल्यावर बर्फाबद्दलची चौदा मतं.

पोरांना मजा का येते याचं एक कारण मला तिथंच कळलं. लहान पोरं खरं तर मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतात, अंग छोटं असतं त्यामुळे वजनाच्या मानाने कातडीचं क्षेत्र जास्त आणि ऊब लवकर जाते. तरी त्यांना मजा येते, कारण मोजे वाळवायचं काम आईचं असतं.

आता वाऱ्याचं सांगतो. उणे 5 डिग्री थंडी आणि ताशी 30 किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ती उणे 13 सारखी लागते, कारण अंगाभोवतीचा उबदार हवेचा पातळ थर वारा उडवून नेतो. हवामानवाले आकडा सगळ्या शहराला एकच सांगतात, पण जो गॅरेजमधल्या गाडीत बसून ऑफिसच्या पार्किंगमधे उतरतो त्याला यातली एकही डिग्री लागत नाही, आणि जो बसस्टॉपवर वीस मिनिटं उभा असतो त्याला पूर्ण तेरा लागतात. भाच्याने पहिल्या वर्षी गाडी घेतली नव्हती. तेव्हाचे त्याचे फोन आणि आताचे फोन, यांच्यात थर्मामीटरचा फरक नाहीये.

या गाडीवरून एक किस्सा आठवला, स्वीडनमधला, मला फार आवडतो. कार्ल्सकूगा नावाचं गाव आहे. तिथे 2011 च्या सुमारास पालिकेने बघितलं की बर्फ पडल्यावर आपण आधी मोठे रस्ते साफ करतो, मग शेवटी फूटपाथ आणि सायकलचे रस्ते. यात काय चूक, सगळीकडे असंच करतात. पण सकाळी मोठ्या रस्त्याने गाडी घेऊन जाणारे जास्त करून पुरुष, आणि फूटपाथने बाबागाडी ढकलत, पोरं पाळणाघरात सोडत, बस धरायला पळणाऱ्या जास्त करून बाया. आणि घसरून हाडं मोडून घेणाऱ्यांत गाडीवाल्यांपेक्षा पायी चालणारेच जास्त, त्यातही बाया जास्त. मग त्यांनी क्रम उलटा केला, आधी पाळणाघराकडचे आणि पायवाटेचे रस्ते, मग मोठे. कारण वीतभर बर्फातून गाडी कशीतरी जाते, बाबागाडी जात नाही. बर्फ काढायच्या गाड्यांचा नुसता क्रम, पण त्यात कुणाची सकाळ सोपी आणि कुणाची अवघड हे ठरत होतं आणि कित्येक वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आपल्याकडे पावसाळ्यात नाल्या आधी कोणत्या गल्लीच्या साफ होतात ते आठवा, जास्त समजावून सांगायची गरज नाही.

आता थोडं मनाचं. अमेरिकेत डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोघांनी 1970 च्या आसपास आवाजावर प्रयोग केले. लोकांना कर्कश आवाज ऐकवायचे. एका गटाला एक बटन दिलं, सांगितलं की सहन नाही झालं तर दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी दाबलंच नाही. म्हणजे दोन्ही गटांनी तेवढाच आवाज ऐकला. पण नंतर जी किचकट कामं दिली त्यात बटनवाल्यांनी कमी चुका केल्या आणि जास्त वेळ चिकाटी धरली. बटन न दाबता नुसतं ते आहे हे माहीत असणं, एवढ्यानेच फरक पडला.

पर्यटकाच्या खिशातलं परतीचं तिकीट म्हणजे हे बटन आहे. गारठलो, कंटाळलो, तर हॉटेलात जाऊ, हीटर लावू, परवा निघू. म्हणून तो उणे 4 मधेही हसतो. ज्याच्याकडे बटन नाही त्याला तेच उणे 4 वेगळं लागतं. आमच्या गल्लीतला एक पोरगा फौजेत, सियाचिनला ड्युटी करून आलेला. 13 एप्रिल 1984 ला आपलं सैन्य तिथे चढलं तेव्हापासून तिथे गोळीपेक्षा थंडीने आणि हिमस्खलनाने जास्त जवान गेलेत. तो सुट्टीवर आला की पारावर लोक विचारतात, "मजा आहे राव तुमची, नुसता बर्फ." तो हसतो फक्त. एकदा एवढंच म्हणाला की तिथं संत्रं चेंडूसारखं टणक होतं, दातानं फुटत नाही. पुन्हा कुणी मनालीचा विषय काढला की तो उठून जातो.

आणि बटन मधेच निकामी झालं तर? जानेवारी 2022 मधे पाकिस्तानात मरीला, थंड हवेचं ठिकाण आहे ते, बर्फ बघायला हजारो गाड्या चढल्या आणि रात्री वादळात अडकल्या. वीसहून जास्त माणसं गाडीतच गेली. गाडी चालू ठेवून हीटर लावला की धूर बाहेर पडायची नळी बर्फाने बुजते आणि कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू आत येतो, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. दुपारी जो बर्फ बघायला आनंदाने आले तोच तो बर्फ होता. कुणी डोंगरात जाणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा, अडकलात तर आधी मागची नळी मोकळी करा, इंजिन थोडाच वेळ चालवा, काच जराशी उघडी ठेवा.

बरं, बर्फात राहणारे सगळे रडतात असंही नाही, उलटं आहे. हिमाचलचे सफरचंदवाले बर्फाला सफेद खाद म्हणतात, म्हणजे पांढरं खत. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात कित्येक तास कडक थंडी लागते, त्याशिवाय वसंतात फुलोरा नीट येत नाही, आणि बर्फ हळूहळू वितळून जमिनीत ओल मुरवतो. डिसेंबर-जानेवारीत पडला की ते खुश. पण तोच एप्रिलमधे फुलोऱ्यावर पडला की डोक्याला हात. काश्मीरमधे नोव्हेंबर 2019 मधे लवकर पडला, झाडांवर पानं आणि काही ठिकाणी फळंही होती, ओझ्याने फांद्याच नाही तर झाडं मधोमध फाटली. आपल्याला हे लगेच कळतं. मृगाचा पाऊस आणि सोयाबीन काढून गंजी लावल्यावरचा पाऊस, पाणी तेच.

आणि न पडल्याचं दुःखही असतं. जानेवारी 2024 मधे गुलमर्ग कोरडं होतं, गवत दिसत होतं, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. बुकिंगं कॅन्सल झाली. घोडेवाले, स्लेज ओढणारे, बूट भाड्याने देणारे आभाळाकडे बघत बसले, अगदी आपले लोक जूनमधे बघतात तसे. चिल्लई कलान म्हणजे 21 डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, त्यात पडलेला बर्फ डोंगरात टिकतो आणि उन्हाळ्यात त्याचंच पाणी ओढ्यांना येतं. तो नाही पडला तर पर्यटकाची ट्रीप खराब होते आणि तिथल्या माणसाचं पुढचं वर्ष.

मग सवयीचं काय? यात दोन अभ्यास सांगण्यासारखे आहेत. 1998 साली डॅनियल काह्नमन, ज्यांना पुढे 2002 मधे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि डेव्हिड श्केड यांनी अमेरिकेतल्या थंड बर्फाळ भागातल्या आणि उबदार कॅलिफोर्नियातल्या कॉलेजच्या पोरांना विचारलं, आयुष्यात किती समाधानी आहात. दोघांची उत्तरं जवळजवळ सारखीच. पण कुठले लोक जास्त सुखी असतील असं विचारलं तर दोन्हीकडचे म्हणाले कॅलिफोर्नियावाले. कारण दुसऱ्याच्या जागेचा विचार करताना आपल्याला फक्त हवामान दिसतं, त्याचं ऑफिस, भाडं, भांडणं, गुडघेदुखी काही दिसत नाही. आईला वाटतं नातू कापसात राहतो. नातवाला वाटतं आज्जी दिवसभर कोवळ्या उन्हात बसलेली असते, त्याला मे महिना आणि टँकर आठवत नाही.

दुसरा अभ्यास कॅरी लीबोविट्झ या अमेरिकन बाईंचा, त्या नॉर्वेत ट्रॉम्सोला जाऊन राहिल्या. तिथे नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्यच उगवत नाही. त्यांना वाटलं लोक उदास असतील, तर लोक उलट म्हणाले की हिवाळा छान असतो, स्कीइंग, मेणबत्त्या, घरात एकत्र बसणं, आणि जितकं उत्तरेकडे जावं तितका लोकांचा हिवाळ्याकडे बघायचा दृष्टिकोन चांगला निघाला. मला हे पटतं, पण अर्धंच. दृष्टिकोनाने फरक पडतो हे खरं, येळवशीला म्हणजे वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवचे लोक कडक थंडीत शेतात जाऊन आंबील-भज्जी खातात तेव्हा गारठ्याची तक्रार कुणी करत नाही, सगळे सोबत असतात ना. पण नॉर्वेत घरं गरम आहेत, पगार चांगले आहेत. त्यांच्यात म्हण आहे की वाईट हवामान नसतं, वाईट कपडे असतात. म्हण चांगलीच आहे. चांगले कपडे नॉर्वेच्या पगारात येतात एवढंच. आणि अंधाराने खरोखर आजारी पडणारे लोकही असतात, हिवाळ्यातलं डिप्रेशन हा 1984 पासून डॉक्टरांनी नोंदवलेला प्रकार आहे, तिथे "मेणबत्ती लाव, बरं वाटेल" म्हणणं चुकीचं, डॉक्टरकडेच जायचं. परक्या देशात एकटी राहणारी पोरं आई-बापाला हे सांगत नाहीत, फक्त बर्फाचा फोटो पाठवतात.

आणि हे सगळं समजायला म्युनिकला जायची गरज नाही, परभणीचा जानेवारी पुरे. शहरातून लोक गाड्या काढून हुरडा पार्टीला येतात, आगटी पेटलेली, गरम कणसं चोळून देणारा माणूस वेगळा, चटणी, दही, कानटोपी, "काय मस्त थंडी आहे". त्याच रात्री दोन वावरं सोडून कुणीतरी हरभऱ्याला पाणी देत असतो, कारण थ्री-फेजची लाईट रात्रीच आहे, दारं धरताना घोट्यापर्यंत गार पाण्यात आणि हातात बॅटरी. आणि बीडचे ऊसतोडीवाले त्याच थंडीत कोपीत लेकरं निजवून पहाटे चारला फडात. वेधशाळेच्या वहीत तिघांचं तापमान एकच लिहिलेलं असतं. मी स्वतः दोन्हीकडून बघितलंय. बारावीपर्यंत मला थंडी आवडायची नाही, आमच्या तीन एकरला रात्री पाणी मी द्यायचो. नोकरी लागली, जमीन बटईने दिली, आणि मला अचानक हिवाळा हा सगळ्यात आवडता ऋतू झाला. बायकोला मी हे कौतुकाने सांगतो आणि ती म्हणते, पहाटे पाणी तापवायला उठतं कोण?

तर मागच्या जानेवारीत पुन्हा तिकडे भरपूर बर्फ पडला. सकाळी अकराला फोन वाजला, भाचा. पण यावेळी तो घरात, पांघरुणात, हातात कॉफी, कॅमेरा खिडकीकडे वळवलेला. "आज्जी बघ, बघ किती भारी पडलाय, कसलं सुंदर दिसायलंय!" आईने फोन डोळ्याजवळ नेला आणि विचारलं, "खाली ते कोण खोऱ्यानं ओढायलंय रे?"

"ते वरच्या मजल्यावरचे. या आठवड्यात त्यांची पाळी आहे."